अतिभारारोपण आणि मुलांचे दप्तर

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जनावरावर किंवा आश्रितावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे, हा त्यांतील चौथा. माल बैलांवर वाहिला जात असे, तेव्हा व्यापारी कुटुंबाला हा अतिचार रोजच्या व्यवहारात टाळावा लागे. आता माल ट्रकने येतो. परंतु खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे खंडाळा असो की सांगलीची पेठ, घराघरातून सकाळी एक ओझे अजूनही पाठीवरूनच निघते. ते शाळकरी मुलाचे दप्तर होय.

जड दप्तर शरीराला मागे ओढते. तोल सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे झुकते, मान पुढे काढते. मान, खांदे व कंबर यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. एकाच खांद्यावर दप्तर अडकवल्यास शरीर एका बाजूला कलते. प्रत्येक मुलाला कायमची व्याधी जडते असे नव्हे. मात्र वारंवार होणारी पाठदुखी, खांद्यावरचे वळ किंवा हाताला येणाऱ्या मुंग्या यांना ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हा प्रश्न नवा नाही. लेखक आर. के. नारायण यांनी 1989 साली राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याविषयी कळकळीने भाषण केले. 1993 मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा विचार मांडला. महाराष्ट्र शासनाने जुलै 2015 मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय काढला. तरीही ऑगस्ट 2016 मध्ये चंद्रपूरच्या सातवीतील दोन विद्यार्थ्यांना पत्रकार परिषद घेऊन आपले गाऱ्हाणे मांडावे लागले. 2020 च्या केंद्रीय धोरणाने पहिली-दुसरीसाठी 1.6 ते 2.2 किलो, तर सहावी-सातवीसाठी 2 ते 3 किलो अशी मर्यादा सुचवली. 2023 मध्ये बालभारतीने कोऱ्या पानांसह पुस्तकांचे चार भाग केले. पण मुले वह्या आणतच राहिली आणि जानेवारी 2025 मध्ये ती योजना मागे घेण्यात आली.

यातून एकच बोध निघतो: नियम झाला, तरी दप्तर घरीच भरले जाते. दुकानात रतीभराचा फरक न चालवणाऱ्या कुटुंबाने आठवड्यातून एकदा दप्तरही काट्यावर ठेवावे. चोवीस किलोच्या मुलाला 2.4 किलोच पेलावेत. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली त्यातील एक किलोहून अधिक वाटा घेते. घरचे गाळलेले, उकळलेले पाणी देण्याचा नियम असल्यास लहान बाटली द्यावी आणि शाळा जवळ असल्यास मधल्या सुटीत दुसरी पोहोचवावी. वेळापत्रकात नसलेली पुस्तके, शिकवणीच्या व पाठशाळेच्या वह्या आदल्या रात्रीच बाजूला काढाव्यात. जड पुस्तके पाठीलगत ठेवावीत, दोन्ही पट्टे खांद्यावर घट्ट असावेत आणि दप्तर कमरेखाली लोंबू नये.

एवढे करूनही काटा मर्यादेपुढे गेला, तर तो आकडा घेऊन पालकांनी मुख्याध्यापकांना भेटावे. जादा वह्या शाळेतच ठेवण्याची सोय व्हावी, ही मागणी मोजलेल्या वजनासह केली, तर ती टाळणे शाळेलाही अवघड जाईल.