नियतकालिकांतून उमगलेला देश

नोकरीनिमित्त परदेशीं गेलेल्या मनुष्यास त्या देशाचें प्रथम जें दर्शन घडतें, तें बहुधा अपुरें असतें. कचेरी, बिऱ्हाड, बाजार आणि देशबांधवांचा क्लब, एवढ्या परिघांत त्याचे दिवस जातात. सरकारी अहवालांवरून देशाची लोकसंख्या कळते. परंतु तेथील विचारी माणसें एकमेकांशीं कशाविषयीं भांडतात, कशाची लाज बाळगतात व कशाला हंसतात, हें त्यांवरून कळत नाहीं. तें जाणून घेण्यास त्या भूमींतील वाङ्मयीन नियतकालिकासारखा वाटाड्या क्वचितच मिळेल. पूर्व आफ्रिकेंतील ‘ट्रॅन्झिशन’ हें याचें उत्तम उदाहरण होय.

हें इंग्रजी नियतकालिक १९६१ सालीं युगांडांतील कंपाला शहरीं निघालें. त्याचे संस्थापक व संपादक रजत नियोगी हे १९३८ सालीं कंपाला येथेंच एका बंगाली कुटुंबांत जन्मले होते. युगांडा १९६२ सालीं स्वतंत्र झाला. म्हणजे नियतकालिक व राष्ट्र हीं जवळ जवळ समवयस्कच. कवितेशेजारीं राजकारण, कथेशेजारीं टीका आणि जोडीला वाचकांचीं तिखट पत्रें, असा त्याचा थाट असे. १९६३ सालीं नायजेरियाचे ओबी वाली यांनीं त्यांत असा प्रश्न टाकला कीं, युरोपीय भाषांत लिहिलेल्या वाङ्मयास आफ्रिकेचें वाङ्मय कसें म्हणावें? त्यावरून मोठा वाद माजला. स्वभाषा व इंग्रजी यांच्या ओढाताणींत वाढलेल्या मराठी वाचकास या वादाचें मर्म सांगावयास नको. १९६६ सालीं अली मझरुई यांनीं घानाचे पदच्युत अध्यक्ष एन्क्रुमा यांस ‘लेनिनवादी झार’ म्हटलें, तेव्हांहि पत्रांचा असाच भडिमार झाला.

पॉल थेरो हे अमेरिकन लेखक १९६३ सालीं शिक्षक म्हणून न्यासालँडांत, म्हणजे आजच्या मलावींत आले आणि १९६५ ते १९६८ या काळांत कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठांत शिकवीत होते. ते या नियतकालिकाचे लेखकहि झाले. १९६७ सालीं त्यांनीं त्यांत दोन निबंध लिहिले. आफ्रिकेंत नोकरीस आलेला गोरा मनुष्य टारझनप्रमाणें जंगलाचा राजा होऊं पाहतो, हा एकाचा आशय. तर दुसऱ्याचा विषय पूर्व आफ्रिकेंतील हिंदी लोकांविषयींचा तिरस्कार. दुकान चालविणारा हिंदी मनुष्य तेथें ‘दुकावाला’ म्हणून ओळखला जाई. त्याच्याविषयीं गोरे व काळे सारखेच कडवट बोलत, आणि त्या बोलण्यास कोणी वावगें मानीत नसे. पुढें पांचच वर्षांनीं, १९७२ सालीं, ईदी अमीन यांनीं हजारों हिंदी लोकांस नव्वद दिवसांत देश सोडावयास लावला. नियतकालिक कांहीं भविष्य वर्तवीत नाहीं. पण घरांतील धुमसणारी आग तें दाखवूं शकतें.

तथापि या वाटाड्यालाहि मर्यादा होत्या. तो इंग्रजी बोलत असे. त्यामुळें लुगांडा भाषा बोलणारा शेतकरी त्याच्या पानांत अभावानेंच भेटे. शिवाय ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेचें साहाय्य त्यास मिळे, तिला अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा पुरविला जात असल्याचें १९६७ सालीं जगजाहीर झालें. म्हणून कोण लिहितो, कोणासाठीं लिहितो आणि खर्च कोण सोसतो, हे तीन प्रश्न सुज्ञ वाचकानें सतत मनांत वागवावे.

स्पष्ट बोलण्याची किंमतहि लहान नव्हती. १९६८ सालीं सरकारवर टीका करणारा मजकूर छापल्यावरून नियोगी यांस अटक झाली. १९६९ सालीं त्यांची सुटका झाली. नंतर नियतकालिक घानांत गेलें, १९७६ सालीं बंद पडलें आणि १९९१ सालीं अमेरिकेंत पुन्हा सुरू झालें. एखादें राष्ट्र आपल्या टीकाकारांस कसें वागवितें, हेंहि त्याच्या स्वभावाचें दर्शनच होय. परक्या भूमींत पोट भरणाऱ्यानें पगाराच्या पावतीबरोबर असा एखादा अंक दरमहा घरीं आणावा. त्यानें तो त्या देशाचा नागरिक होणार नाहीं. परंतु निव्वळ परकाहि राहणार नाहीं.