वॉशिंग मशीनच्या दाराचा खटका

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कभोवती, माण-मारुंजीपर्यंत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. सकाळच्या गडबडीत इथे समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचं हँडल हातात येतं, आणि दोष प्लास्टिकला दिला जातो. तो निम्माच खरा आहे.

धुणं संपलं तरी दाराचं कुलूप लगेच सुटत नाही. बऱ्याच मशीनच्या कुलपात एक छोटा हीटर आणि दोन धातूंची पट्टी असते. पट्टी तापून वाकते आणि दार अडवते. वीज बंद झाल्यावर ती निवायला एक-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात कोणी हिसका दिला की हूक आत अडकलेला आणि हात बाहेर ओढतोय, अशा ताणात हँडल ज्या पिनेवर फिरतं तिच्याभोवतीचा पातळ कान तडकतो. तिथला कोपरा काटकोनी असेल तर सगळा जोर त्याच रेषेवर साचतो.

म्हणूनच नुसत्या फेव्हिक्विकने जोडलेलं हँडल फार दिवस टिकत नाही. त्यातलं सायनोअॅक्रिलेट दोन तुकडे जागेवर धरायला उत्तम, पण वारंवारच्या ओढीपुढे त्याचा कडक, पातळ थर तडकतो आणि फट पुन्हा उघडते. खरा जोर धातूकडे सोपवावा लागतो.

आधी प्लग काढा. दाराच्या आतल्या कड्याचे स्क्रू सोडवले की काच आणि हँडल सुटं होतं. पिन काढण्यापूर्वी फोटो घ्या. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे टेकलं होतं, हे नंतर आठवत नाही, आणि स्प्रिंग उडून हरवते ती वेगळीच. प्लास्टिकच्या पाठीवर ‘एबीएस’ लिहिलेलं असेल तर ते चांगलं चिकटतं. ‘पीपी’ असेल तर साधा गोंद धरत नाही. तिथे बोल्टच हवेत.

तडा सांधून मागची बाजू काचपेपरने खरबरीत करा. एक मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी कापून तिलाच पिनेचं भोक पाडा, म्हणजे पिन यापुढे धातूवर टेकेल. पट्टी दोन बारीक नटबोल्टने आवळा, खाली अॅराल्डाइट भरा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. गोंद स्प्रिंगच्या खाचेत उतरता कामा नये. सगळ्यात जास्त लक्ष याकडेच द्यावं, कारण पक्कं झालेलं हँडल परत मागे सरकलं नाही, तर दार नीट लागत नाही.

जोडणी झाल्यावर दार उघडंच ठेवून हँडल पुनःपुन्हा ओढून सोडा. पट्टी कुठे घासत असेल तर कानशीने उतरवा.

तुटलेलं हँडल असं सांधावं. कुलपात शिरणारा हूक मोडला असेल तर मात्र तो बदलाच. त्याच्यामागे पाणी आणि फिरता ड्रम असतो. आणि दुरुस्ती कितीही पक्की झाली, तरी मशीन थांबल्यावर दोन मिनिटं थांबून मगच दार उघडा.