१ जानेवारीचे आणखी एक काम

दर १ जानेवारीला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून गाड्या भरून भीमसैनिक भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. त्याच दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एक काम गाजावाजा न होता पार पडते. भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. पहिल्या याद्या १९९२ साली दिल्या गेल्या. मध्ये कारगिल झाले, पुलवामा झाले. तरी १ जानेवारी २०२५ ला चौतिसाव्यांदा याद्यांची देवघेव झालीच.

पुलवामा म्हटले की आपल्या जिल्ह्याच्या काळजात चर्र होते. १४ फेब्रुवारी २०१९ ला गेलेल्या ४० जवानांत एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. असा घातपात कागदावरच्या कराराने थांबत नाही, हे आम्हालाही कळते. पण दोन फौजांनी नुसत्या संशयापोटी एकमेकींवर धावून जाणे टळू शकते. १९८६-८७ मध्ये आपल्या सैन्याने राजस्थानात 'ब्रासटॅक्स' नावाचा प्रचंड सराव केला. पाकिस्तानला वाटले, हल्लाच येतो आहे. दोन्हीकडच्या फौजा सीमेवर येऊन ठाकल्या. पुढे १९९१ साली करार झाला, मोठा सराव असेल तर आधी कळवायचे. युरोपात अमेरिकेच्या आणि रशियाच्या गोटांनी १९८६ सालीच स्टॉकहोमला हे मान्य केले होते. तिथे खबर ४२ दिवस आधी द्यायची होती.

आम्हा बौद्धांना यात नवल नाही. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांवर चालून जायला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने सुचवले : आपले दोन, त्यांचे दोन, या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हे सांगितले आहे. सूचना प्रचंड बहुमताने पडली. शेवटी घर सोडावे लागले ते सिद्धार्थालाच.

बाबासाहेब हिशेबालाही पक्के. १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारच्या वर्षाच्या ३५० कोटी उत्पन्नातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. शाळा, दवाखाना, विहीर हे सगळे उरलेल्यात बसवायचे!

मे २०२५ मध्ये पुन्हा तोफा धडाडल्या. ज्यांची पोरे फौजेत, त्या घरांचे डोळे टीव्हीला लागले. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या अधिकाऱ्याला फोन केला आणि ५ वाजल्यापासून मारा थांबवायचे ठरले. त्या रात्रीही काही ठिकाणी गोळीबार झाला. १२ मे रोजी ते दोघे फोनवर पुन्हा बोलले.