भोंगा वाजला, पण येणार कोण?

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात कुलूपबंद घरांना तोटा नाही. थोरला मुंबईला, धाकटा चाकणला, म्हातारी माणसं कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे. गावचं घर उघडायचं ते जत्रेला आणि दिवाळीला. त्यातही बरीच घरं आता गावठाणात नाहीत, मळ्यात आहेत, उसाच्या कडेला. ‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’ अशी सुरुवात असलेली बातमी इथल्या वाचकाला पाठ आहे. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच अलार्म बसवून घेतला. व्हरांड्यात पांढरी पेटी, दारांना चुंबक, कोपऱ्यात सेन्सर, छपराखाली भोंगा. आज ती पेटी अनेक घरांत मुकी आहे आणि दुकानदाराचा सल्ला ठरलेला: ‘काढून टाका, कॅमेरे लावा.’

हा सल्ला घाईचा आहे. जुन्या अलार्ममधलं जे जायचं ते स्वस्त असतं आणि जे महागाचं, म्हणजे भिंतीतून नेलेली तार, ते सहसा शाबूत असतं.

आधी बॅटरी पाहा. पेटीत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षं, पत्र्याच्या खोलीत त्याहून कमी. पॅनेल आणि सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर खात असतील, तर नवी बॅटरी कागदावर ३५ तास पुरते, प्रत्यक्षात थोडी कमी. जुनी बॅटरी मात्र चार्जिंगवर १३.५ व्होल्ट दाखवून साफ फसवते. म्हणून मेनचा प्लग काढायचा, भोंगा वाजवायचा आणि तो वाजत असतानाच मल्टीमीटर लावायचा. काटा ११च्या खाली घसरला, की बॅटरी बदलायची. पोट फुगलं असेल तर मोजत बसायचंही कारण नाही.

मग दारं. चौकटीतल्या नळीत दोन पातळ पात्या असतात. दारावरचं चुंबक जवळ असलं की त्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. आंबेगावच्या पश्चिमेला पावसात लाकडी दार फुगतं, बिजागरी उतरते, चुंबक दोन बोटं लांब जातं आणि भोंगा विनाकारण ओरडतो. सेन्सर बिघडलेला नसतो, सुताराचं काम असतं. चुंबक जवळ धरल्यावर मीटरने सलगपणा दाखवला आणि लांब नेल्यावर तो तुटला, तर तो सेन्सर अजून बरीच वर्षं चालेल.

१८५३ साली बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोपने विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं, त्यात दार उघडलं की मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. म्हणजे तार कापली की घंटा गप्प. नंतर ही रचना उलटी झाली: प्रवाह सतत वाहतो, तुटला की बोंब. त्यात आणखी एक युक्ती म्हणजे तारेच्या अगदी शेवटी बसवलेला छोटा रेझिस्टर. तार कापली किंवा दोन तारा एकमेकींना जोडल्या, तरी पॅनेलला फरक कळतो. पण बसवणाऱ्याने आळस करून हा रेझिस्टर पेटीतच ठोकून दिलेला असतो, तेव्हा सगळी हुशारी वाया. पेटी उघडली की पहिलं हे बघा.

कोपऱ्यातला सेन्सर अंगाची उष्णता ओळखतो. भिंगावर पाल बसली, कोळ्याने जाळं विणलं, की तो गोंधळतो. आणि एप्रिलच्या दुपारी खोलीच शरीराइतकी तापली, की त्याला माणूस नीट दिसत नाही. मऊ फडक्याने पुसणं ही त्याची निम्मी दुरुस्ती.

खरा मेला आहे तो निरोप पोहोचवणारा भाग. जुनी पेटी लँडलाइनवरून फोन लावायची. ती लाइनच कित्येकांनी सोडून दिली. नंतरच्या पेट्यांत सिम आलं, पण टूजीचं. त्यात जिओचं सिम घातलं तर चालत नाही, कारण जिओचं जाळंच मुळात फोरजीपासून सुरू होतं. हा रोग इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. पंपाच्या मोबाइल स्टार्टरला तोच होतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’पासून हे स्टार्टर शेतात रुळले, त्यामुळे स्टार्टर दुरुस्त करणारा वायरमन अलार्मही दुरुस्त करू शकतो. जुन्या पॅनेलच्या भोंग्याच्या जोडावर फोरजी डायलर बसवला, की पेटी पुन्हा बोलती होते. सिमचं रिचार्ज मात्र कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. हे काम पुण्यातल्या मुलाच्या गळ्यात घालावं.

तारा काढून सगळं बिनतारी करण्याची हौस असेल, तर खोडदची आठवण ठेवा. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. रेडिओ गोंगाट कमी म्हणूनच हा परिसर निवडला गेला. बाजारातले बरेच बिनतारी सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे. कमी शक्तीच्या सेन्सरला परवाना लागत नाही, हे खरं. तरी बिननावाचा, सतत बडबडणारा माल टाळावा. भिंतीत तार असताना तो घ्यायचाच कशाला?

आता मुख्य प्रश्न. भोंग्याची सगळी कल्पना शेजारी धावून येईल या भरवशावर उभी आहे. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये, रात्री उसाच्या कडेने एकटं बाहेर पडायला कुणी धजत नाही, आणि बिबट्या असताना पडूही नये. भोंगा ऐकून लोक दार उघडत नाहीत, खिडकीतून बॅटरी मारतात. म्हणून मळ्यातल्या घराला भोंग्यापेक्षा फोन जास्त कामाचा. डायलरमध्ये पहिला नंबर मुंबईच्या मुलाचा नको, वस्तीवरच्या दोघा-तिघांचा हवा. ते जमून, उजेड घेऊन निघतील. पुणे जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे: एका टोल-फ्री नंबरवर बोललेला निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर त्याच आवाजात जातो. चोर असो, आग असो की बिबट्या. अलार्मचा फोन आलेल्या माणसाने आधी ११२ आणि मग हा नंबर फिरवला, तर एका पेटीमागे सगळं गाव उभं राहतं.

चैत्रात जत्रेला घर उघडाल, तेव्हा एक संध्याकाळ यासाठी काढा. शेजाऱ्यांना सांगून भोंगा वाजवा, प्लग काढून बघा, नव्या बॅटरीवर खडूने नाही, मार्करने तारीख लिहा. आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेत आपला नंबर नोंदलेला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारूनच परतीची गाडी पकडा.