कापणीच्या दिवसांत जीव सांभाळा

पाऊस ओसरला. नवरात्र बसले. शिवारात हळवे भात पिवळे पडले. आता दसरा होईल, कोजागिरी येईल आणि कापणीची एकच घाई उडेल. वर्षाच्या कष्टाचे फळ घरात येण्याचे हे दिवस. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शेतकऱ्याला याहून आनंदाचे दिवस नाहीत.

पण याच दिवसांत दवाखान्यात गर्दी असते. दिवसा ऊन तापते, रात्री गारवा पडतो. डबक्यांत डास झालेले असतात. जुनी माणसे थट्टेने म्हणत, शरद ऋतू ही वैद्याची आई. ती त्याला पोसते. ताप, खोकला, जुलाब आपल्या ओळखीचे आहेत. त्यांना आपण औषध घेतो. आज मी एका वेगळ्या संकटाविषयी सांगणार आहे. ते म्हणजे साप चावण्याचे. ते रात्री येते, आणि त्यात वेळ फार थोडा मिळतो.

भात, उंदीर आणि साप

भात पिकले की उंदीर येतो. तो बांधात बिळे करतो आणि लोंब्या तोडून आत नेतो. भारे खळ्यावर आले की उंदीर खळ्यावर येतो. धान्य कणगीत पडले की तो घरात येतो. आणि उंदराच्या मागोमाग साप येतो.

साप माणसाला चावायला म्हणून येत नाही. माणूस हे काही त्याचे खाणे नव्हे. तो उंदराच्या मागे असतो. अंधारात आपला हात किंवा पाय त्याच्यावर पडतो, तो भितो आणि चावतो.

आपल्या भागात पुष्कळ जातींचे साप आहेत. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे बिनविषारी. धामण तर उंदीर खाऊन आपले धान्य राखते. माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

घोणस जाड असते. तिच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार सोडते. फुरसे लहान असते, दगडांत आणि गवतात बसते, अंग अंगावर घासून खरखर आवाज करते. ही दोन चावली की सूज येते, फार दुखते, रक्त गोठत नाही. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. नाग चावला तर तिथे दुखते आणि सुजते. शिवाय पापण्या जड होतात, श्वास अडू लागतो.

चौथी मण्यार. ती सर्वांत फसवी. रंग काळा, अंगावर बारीक पांढरे पट्टे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. ती चावली तर मुंगी चावल्याइतकेच वाटते. पुष्कळांना जागही येत नाही. सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते. शेवटी छाती हलेनाशी होते.

माझ्या हातून झालेली चूक

मण्यारीची ही लक्षणे मी फार महाग किंमत देऊन शिकलो. किंमत मात्र दुसऱ्यानेच दिली.

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. दिवाळी तोंडावर आली होती. चौथीतला एक मुलगा सकाळी बापाचा हात धरून शाळेत आला. पोट दुखते म्हणून रडत होता. भात राखायला सगळे घर खळ्यावर झोपत असे. मी विचारले, "रात्री काही चावलं का रे?"

तो म्हणाला, "नाय गुरुजी. मुंगी चावली जराशी."

मी त्याचे हातपाय पाहिले. सूज नाही, जखम नाही. मी बापाला म्हटले, "जंत झाले असतील. ओवा चावायला द्या, निजू द्या."

गावात मीच शिकलेला माणूस. माझा शब्द प्रमाण. त्यांनी मुलाला घरी नेऊन निजवले. दुपारी त्याचे डोळे उघडेनात. घरच्यांना वाटले, झोप लागली. मग बोलणे अडखळले, तेव्हा भगताला बोलावले. त्याने बाहेरची बाधा सांगितली आणि अंगारा लावला. तिन्हीसांजेला बैलगाडी जुंपली. मुलगा वाटेतच गेला.

पुढे एका डॉक्टरांना मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, ती मण्यार होती. सकाळीच आणला असता तर वाचवता आला असता." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. भगताला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? आधी चुकलो तो मी.

म्हणून सांगतो. कापणीच्या दिवसांत कोणी पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर खूण शोधत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या.

भगताला गुण कसा येतो?

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात तर भगताने उतरवलेला माणूस जिवंत हिंडतो आहे. खरे आहे. पण त्याचे कारण पाहा. चावणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्र म्हटला तरी जगतो, न म्हटला तरी जगतो. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले, तो मात्र मंत्राने वाचत नाही. आणि कोणाच्या अंगात विष आहे, कोणाच्या नाही, हे घरी बसून कळत नाही.

शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सापाच्या विषाने सुमारे १२ लाख माणसे गेली. म्हणजे दर वर्षी सुमारे ५८ हजार. यांतले बहुतेक खेड्यांतले होते, आणि बहुतेक दवाखान्यात पोचलेच नाहीत. हे मृत्यू २०३० सालापर्यंत निम्मे करायचे, असे भारत सरकारने २०२४ साली ठरवले आहे. पण ते निम्मे आपल्या गावापासून व्हायला हवेत.

औषध कसे काम करते?

विषावर औषध आहे. ते घोड्याच्या रक्तापासून करतात. सापाचे विष काढून अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात. घोड्याचे रक्त त्या विषाशी झुंजायला शिकते. त्या रक्तातला झुंजणारा भाग वेगळा काढून कुपीत भरतात. हे औषध वरच्या चारही सापांवर चालते. सरकारी रुग्णालयात ते फुकट मिळते.

एका कुपीने भागत नाही. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकेच औषध लागते. मूल लहान असले तरी सापाने विष काही कमी सोडलेले नसते.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नातेवाईक म्हणतात, "आमचा माणूस मरतोय आणि हे नळी बघत बसलेत!" पण ती तपासणीच आहे. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष आहे असे कळते. श्वास अडला असेल तर डॉक्टर नळी घालून श्वास चालू ठेवतात. मंत्राला हे जमत नाही, आणि घरी ते करता येत नाही. म्हणून लवकर पोचणे हाच खरा उतारा.

साप चावला तर

आधी माणसाला धीर द्या. त्याला निजवा, चालायला लावू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. काठी किंवा फळी लावून फडक्याने सैल बांधा. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण काढा. सूज आली की ते रुततात. चावल्याची वेळ ध्यानात ठेवा. १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट येते.

घट्ट दोरी बांधू नका. रक्त थांबून पाय सडतो. ब्लेडने चिरू नका, तोंडाने चोखू नका. कोंबड्या लावू नका. मिरची किंवा कडुलिंबाचा पाला खायला घालून विषाची परीक्षा करू नका. सापाच्या मागे धावू नका. दुसराही माणूस चावला जाईल. डॉक्टरांना मेलेला साप लागत नाही, लक्षणे पुरतात.

आमच्या मंडळाची बातमी

आमच्या गावच्या मंडळात भजनी मंडळी आहेत, तरुण पोरे आहेत, बचत गटाच्या बायका आहेत. घटस्थापनेच्या रात्री आरतीनंतर मंडळाची बैठक झाली. मी नेपाळ देशाची एक गोष्ट सांगितली.

नेपाळच्या पूर्व भागात सपाट मुलूख आहे. तिथेही भातशेती आणि तिथेही मण्यार. तिथल्या गावांत साप चावलेल्या शंभर माणसांत दहा दगावत. मग २००३ सालच्या सुमारास गावकऱ्यांना माहिती दिली आणि मोटारसायकलवाल्यांची फळी उभी केली. साप चावला की रोग्याला दोघांच्या मध्ये बसवायचे आणि थेट उपचार केंद्रात न्यायचे. एवढ्यानेच दगावणाऱ्यांचे प्रमाण दोनशेत एकावर आले.

पोरे म्हणाली, "मग आपल्याकडे काय मोटारसायकली नाहीत?"

तिथेच ठराव झाला. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत रोज रात्री दोन मोटारसायकली तयार ठेवायच्या. टाकीत पेट्रोल, खिशात चालू फोन. कोणाची पाळी कधी, ते देवळाच्या भिंतीवर खडूने लिहायचे. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर गाडी जात नाही. तिथे बांबू आणि घोंगडी तयार ठेवायची. पाड्यावरच्यांनी डोलीतून रस्त्यापर्यंत आणायचे, पुढे गाडी. शहापूर किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय गाठायचे. तिथून डॉक्टरांनी ठाण्याला पाठवले तर वाद न घालता जायचे.

बचत गटाच्या मावशींनी विचारले, "गुरुजी, मच्छरदाणी डासांना. सापाला ती काय करणार?"

मी म्हटले, "मावशी, बाजेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. डास आत येत नाही, मण्यारही आत येत नाही. एका पैशात दोन पहारेकरी!" बचत गटाने हप्त्याने मच्छरदाण्या घ्यायचे ठरवले. खळ्यावर बाज नेता येत नसेल, तर लाकडाचा उंच माळा बांधावा. जमिनीवर पेंढ्यात झोपू नये.

आमचे भगतबाबाही बैठकीला होते. वयाने माझ्याहून मोठे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माणूस माझ्या दारात आणला तर मी काय त्याला हाकलून देऊ?"

मी म्हटले, "नाही बाबा. आधी पोरांना हाक मारा. गाडी निघू द्या. अंगारा वाटेत लावा."

बाबांनी विचार केला. म्हणाले, "मग मीच गाडीवर मागं बसतो. माणसाला धीर येईल." मंडळाच्या वहीत हा ठरावही लिहिला आहे.

उंदराचे दुसरे देणे

उंदीर सापाला बोलावतो, तसा तापही आणतो. त्याला लेप्टो म्हणतात. उंदराचे मूत खाचरातल्या चिखलात मिसळते. पायाला चीर किंवा जखम असली की रोग तिथून अंगात शिरतो. थंडी-ताप येतो, डोके आणि पायाच्या पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळही होते. चिखलात उतरताना जखम झाकावी. शक्य असेल तर गमबूट घालावेत. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. ताप आला तर "मी खाचरात काम केले आहे," असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लवकर औषध घेतले की हा रोग बरा होतो.

म्हणून उंदीर कमी करा. कणगी दगडावर किंवा लाकडी पायांवर उंच ठेवा. बिळे बुजवा. सरपण, गोवऱ्या आणि विटांचे ढीग घराच्या भिंतीला लावू नका. आणि धामण दिसली तर मारू नका.

लक्षात ठेवा

१. रात्री बॅटरीशिवाय बाहेर जाऊ नका.
२. भारा उचलण्याआधी काठीने हलवा. बिळात हात घालू नका.
३. बाजेवर, मच्छरदाणीत झोपा.
४. खूण नसली तरी पोटदुखी आणि जड पापण्या म्हणजे मण्यार समजा.
५. साप चावला की १०८ किंवा गावची मोटारसायकल, आणि थेट दवाखाना.

ज्याला वाचता येते त्याने हा धडा आज रात्री घरात मोठ्याने वाचावा. ज्याच्या घरात कोणी वाचणारे नाही, त्याच्या ओट्यावर जाऊन वाचावा. चौथीतल्या त्या मुलाच्या घरी वाचणारे कोणी नव्हते, आणि वाचता येणाऱ्या गुरुजीला हे ठाऊक नव्हते. आता तुम्हाला वाचताही येते आणि ठाऊकही झाले आहे.