नेमबाजीची साधने (लेखांक 7) : रिलोडिंगचा पहिला प्रेस

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता तिच्यात नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवण्याच्या क्रियेला रिलोडिंग म्हणतात, आणि त्यासाठी टेबलाला बोल्टने घट्ट आवळलेले जे तरफेचे यंत्र लागते, त्याला रिलोडिंग प्रेस. तो कोणता घ्यावा, हा प्रश्न पनवेलच्या नेमबाजापुढे मात्र सहसा येतच नाही. कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबने जी 10 मीटर एअर रायफल रुजवली, ती 4.5 मिलिमीटर व्यासाचे शिशाचे छर्रे दाबलेल्या हवेने फेकते. तिथे दारू नाही, म्हणून पुंगळीही नाही.

स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे 2024 मध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात दारू असते, पण काडतूस .22 चे रिमफायर असते. या काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिन ती कड चेपते, मिश्रण जळून जाते आणि चेपलेली कड पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. रिलोडिंग होते ते सेंटरफायर काडतुसांचे, ज्यांच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेले प्रायमर काढून बदलता येते, आणि शॉटगनच्या काडतुसांचे.

या दोन प्रकारांपाशी कायदा आडवा येतो. शस्त्र अधिनियम, 1959 मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग तर येतातच, शिवाय तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे एकही काडतूस न भरलेला, कोरा प्रेससुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच ठरतो, आणि कलम 5 नुसार दारूगोळ्याची निर्मिती परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना सामानातून घेऊन ये’ असे सांगण्याची ही वस्तू नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजाची गोष्ट निराळी, कारण तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास संघीय परवाना लागत नाही. त्याच्यापुढे तीन प्रकार असतात : एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा किंवा गोळी बसवणारा साचा, धरणारा सिंगल स्टेज, अनेक डाय फिरत्या माथ्यावर बसवलेला टरेट, आणि तरफेच्या प्रत्येक ओढीला सर्व टप्पे एकदम पुढे नेणारा प्रोग्रेसिव्ह. वेगाच्या मोहाने नवशिके प्रोग्रेसिव्हकडे वळतात, आणि तिथेच फसतात. त्यात एखादा टप्पा अडखळला, तर एका पुंगळीत दारू दुप्पट पडते किंवा मुळीच पडत नाही. दुप्पट दारूने बंदूक फुटू शकते, तर दारूच नसेल तेव्हा नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली जाते.

सिंगल स्टेजवर हा धोका टळतोच असे नाही, पण तो डोळ्यांना दिसतो. दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या असतात, आणि गोळ्या बसवण्याआधी वरून विजेरीचा झोत फिरवला की एखादीतली पातळी उंच किंवा खोल असल्याचे चटकन कळते. खरेदी करताना ओतीव लोखंडाची, चारही बाजूंनी बंद असलेली चौकट पाहावी; एका बाजूने उघडी चौकट हाताला सोयीची खरी, परंतु रायफलच्या जाड पुंगळीवर जोर पडला की ती किंचित वाकते आणि गोळी तिरकी बसण्याची शक्यता वाढते.