आभासी यंत्रांच्या व्यवस्थापनाला पूरक आज्ञांची जोड

राजुऱ्याच्या शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू शकतो. ही सोय राज्यात १ मे २०१८ रोजी सुरू झाली. अशा सेवांचा भार माहिती केंद्रांतील संगणकांवर असतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची अशी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत.

माहिती केंद्रात एकाच शक्तिमान संगणकावर अनेक 'आभासी यंत्रे' चालविता येतात. प्रत्येक यंत्र स्वतंत्र संगणकासारखे वागते. ती सुरू करणे, थांबविणे किंवा त्यांची प्रत घेणे, ही कामे व्यवस्थापन प्रणालीतील तयार आज्ञांनी होतात. तथापि, प्रत्येक कार्यालयाची कार्यपद्धती निराळी असते. दुरुस्तीपूर्वी यंत्राची प्रत घ्यावी, तिची नोंद करावी व मगच यंत्र थांबवावे, असा क्रम ठरलेला असला, तरी हाताने काम करताना एखादी पायरी सुटू शकते. प्रत घेण्याचेच राहून गेले आणि दुरुस्ती फसली, तर मूळ स्थिती परत मिळविणे कठीण होते.

प्लग-इनची रचना

यावर प्लग-इन हा उपाय आहे. मूळ प्रणालीत फेरफार न करता तिला बाहेरून जोडलेला हा पूरक भाग होय. 'झेनसेंटर' या प्रणालीत त्यासाठी एक्सएमएल पद्धतीची वर्णन-फाइल लागते. नव्या आज्ञेचे नाव काय, ती कोणत्या यादीत दिसावी व तिने कोणता प्रोग्रॅम चालवावा, हे तीत नमूद असते. चालकाने यंत्र निवडून आज्ञा दिली, की त्या यंत्राची ओळख प्रोग्रॅमकडे पोहोचते आणि ठरलेल्या पायऱ्या क्रमाने पार पडतात.

अधिकार आणि दक्षता

आज्ञा सोपी झाली, की चुकीची आज्ञा देणेही तितकेच सोपे होते. म्हणून ती कोणी द्यावी, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे. आवश्यक अधिकार वर्णन-फाइलीत नमूद केल्यास, ते नसलेल्या चालकाला झेनसेंटर ती आज्ञा देऊ देत नाही. प्लग-इन प्रथम चाचणीच्या यंत्रावर तपासावा, अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये आणि एखादी पायरी फसल्यास पुढील काम आपोआप थांबेल, अशी तजवीज प्रोग्रॅममध्ये असावी.

संगणक सांगितलेला क्रम पाळतो. तो क्रम योग्य आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कार्यालयाचीच राहते.